सातव्या पावसाळ्यानंतरची भिंत

दरवर्षी २४ एप्रिलच्या सुमारास, दुपारी बारा वाजून सतरा-अठरा मिनिटांनी, बंगळूरमध्ये सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा हा दिवस पुण्या-मुंबईच्या लोकांनाही ठाऊक आहे. तिकडे तो मेच्या मध्यावर येतो. बंगळूर तेराव्या अक्षांशावर असल्यामुळे इथे तो तीन आठवडे आधीच येतो. १८ ऑगस्टच्या आसपास सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा बरोबर माथ्यावर येतो. या दोन तारखांच्या मधले जवळजवळ चार महिने माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. घराच्या रंगाची गोष्ट मी पंचांगासारख्या तारखांनी सुरू करतो आहे, कारण बंगळूरच्या यशवंतपूरमधल्या एका घराचा रंग याच तारखांनी बदलायला लावला.

घर माझ्या धाकट्या बहिणीचं. यशवंतपूर स्टेशनापासून मत्तिकेरेकडे जाताना आतल्या गल्लीत तीस बाय चाळीस फुटांची जागा. बंगळूरमध्ये तिला सरळ ‘थर्टी-फॉर्टी साइट’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला पुढचं सगळं कळतं: बाराशे चौरस फूट, तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती हाताच्या अंतरावर आणि जगाला दिसणारी एकच बाजू, ती रस्त्याची. बहिणीच्या घराचं तोंड उत्तरेला आहे. उत्तराभिमुख जागा हवी म्हणून त्यांनी दोन वर्षं वाट पाहिली होती. गिलावा झाल्यावर तिनं समोरच्या भिंतीसाठी गडद निळसर करडा रंग ठरवला आणि मला फोन केला. “दादा, ही उत्तरेची भिंत. हिच्यावर ऊन येतच नाही, मग रंग उडायचा प्रश्न येतोच कुठे?” पुण्यात बसून मला ते पटलं. मी हो म्हणालो.

एप्रिलच्या शेवटी मी तिकडे गेलो. सकाळी साडेसातला चहाचा कप घेऊन रस्त्यावर उभा राहिलो, तर पूर्व-पश्चिम जाणाऱ्या त्या गल्लीतून ऊन सरळ आत येत होतं आणि उत्तरेच्या भिंतीला घासून पुढं सरकत होतं. त्या दिवसांत बंगळूरचा सूर्य उगवतो तोच पूर्वेच्या तेरा-चौदा अंश उत्तरेला आणि मावळतोही तसाच. म्हणजे भिंतीवर दिवसभर ऊन होतं, फक्त तिरकं. आणि तिरक्या उन्हाचा एक गुण असा, की ते काहीही लपू देत नाही. गवंड्याच्या रंध्याचा प्रत्येक झोल, दोन दिवसांच्या गिलाव्यातला सांधा, विजेच्या नळीसाठी भिंत कापून पुन्हा भरलेली जागा, सगळं उठून दिसत होतं. समोरून पडणाऱ्या उन्हात हीच भिंत काचेसारखी सपाट वाटली असती.

आता छज्ज्याचा हिशेब करू. २१ जूनला बंगळूरचा माध्यान्हीचा सूर्य माथ्यापासून उत्तरेला दहा अंशांच्या किंचित वर असतो. उत्तरेच्या भिंतीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर त्या क्षणी त्याची सावली भिंतीवर दहा-अकरा फूट खाली पोचते. म्हणजे खिडक्यांची पातळी दुपारच्या उन्हातून वाचते. गच्चीचा कठडा आणि छज्ज्याच्या वरचा पट्टा मात्र भाजून निघतो. त्याच भिंतीवर एक रंग दोन वेगांनी म्हातारा होणार. बहिणीला मी हे कागदावर काढून दाखवलं, तेव्हा ती गप्प झाली आणि शेडकार्ड माझ्यापुढं सरकवून म्हणाली, “मग आता तूच सांग.”

मी सांगू शकत नव्हतो. शेडकार्डावरून कोणीच सांगू शकत नाही, आणि हे कसं होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

शेडकार्डावरचा चौकोन दोन-तीन सेंटिमीटरचा. तो आपण दुकानात, छताखाली, पांढऱ्या कागदाच्या चौकटीत बघतो. तोच रंग साठ चौरस मीटरच्या भिंतीवर, उघड्या आभाळाखाली गेला की वेगळा दिसतो. हा नुसता रंगाऱ्यांचा अनुभव नाही. स्टॉकहोमच्या कारिन फ्रिडेल आंतेर यांनी याच एका प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. घरांच्या बाहेरच्या भिंतींचा रंग त्यांनी आधी नमुन्याला नमुना लावून मोजला आणि मग दुरून तीच भिंत कोणत्या रंगाची भासते ते नोंदवलं. दुरून भासणाऱ्या रंगात काळेपणा कमी आणि रंगाचा जोर जास्त, असं त्यांना आढळलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कार्डावरचा शांत बदामी भिंतीवर गेल्यावर पिवळा बोलायला लागतो आणि सौम्य पिस्ता भिंतीवर हिरवाकंच होऊन बसतो. म्हणून जुने रंगारी सांगतात, की मनात आहे त्याच्यापेक्षा एक पायरी मळकट निवडा. ‘मळकट’ हा त्यांचा शब्द आहे, आणि तो अचूक आहे.

उत्तरेच्या भिंतीचं आणखी एक वेगळेपण. थेट ऊन नसतं त्या वेळी तिला उजेड मिळतो तो निळ्या आभाळाचा. त्यामुळे निळसर करडा तिथे अधिक निळा, अधिक थंड दिसतो. दुकानाच्या दिव्याखाली भारदस्त वाटलेला तो रंग पावसाळी दुपारी या भिंतीवर शाळेच्या पाटीसारखा उदास दिसला असता. रंग वस्तूत किती, उजेडात किती आणि डोळ्यात किती, या प्रश्नावर यशवंतपूरच्या अगदी शेजारी एका मोठ्या माणसानं आयुष्याची शेवटची वर्षं घालवली. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना नोबेल १९३० साली मिळालं. पुढं ते भारतीय विज्ञान संस्थेत आले, आणि १९४८ साली त्यांनी सदाशिवनगरच्या बाजूला स्वतःची संशोधनसंस्था उभी केली. साठच्या दशकात ते फुलांच्या रंगांचा आणि माणसाच्या दृष्टीचा अभ्यास करत होते. दृष्टीवरचं त्यांचं पुस्तक १९६८ सालचं. बंगळूरसारख्या शहरात या विषयाचा नाद लागणं मला स्वाभाविक वाटतं. लालबागेत १९०८ साली आलेल्या गुस्ताव क्रुंबिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञानं वर्षभर एकामागून एक झाड फुलत राहील अशी लागवड शहरात रुजवली. त्यामुळे इथल्या एखाद्या घरासमोर काही आठवडे गुलाबी टॅबेबुया असतो, मग निळाजांभळा जॅकरांडा, मग लालभडक गुलमोहोर. रंग निवडताना समोरचं झाड कोणतं आहे हे बघायला मी सगळ्यांना सांगतो. गुलमोहोरासमोर तांबडी भिंत बांधणं म्हणजे दरवर्षी मे महिन्यात त्या झाडाशी भांडणं.

बहिणीला करड्याचा मोह सुटत नव्हता, म्हणून आम्ही एका संध्याकाळी विज्ञान संस्थेच्या मुख्य इमारतीसमोर जाऊन उभे राहिलो. ती करड्या दगडाची आहे आणि तिचा आराखडा मुंबईच्या सी. एफ. स्टीव्हन्स यांच्या कचेरीचा. बोरीबंदरचं स्टेशन उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे ते चिरंजीव. शंभर वर्षं झाली तरी ती भिंत डोळ्यांना निर्जीव वाटत नाही. जवळ गेल्यावर कारण दिसतं. ग्रॅनाइटचा करडा हा एक रंग नसतोच. पांढरट गारगोटी, फिकट गुलाबी फेल्डस्पार आणि काळा अभ्रक यांचे कण शेजारी शेजारी असतात आणि दुरून डोळा त्यांची बेरीज करतो. ऊन बदललं की बेरीज बदलते. डब्यातल्या करड्याला ही सोय नाही. तो सगळीकडे सारखाच करडा. बहीण बराच वेळ दगडाला हात लावून उभी होती. परत येताना ती म्हणाली, “म्हणजे मला करडा रंग नको होता, मला दगड हवा होता.” तिच्या बोलण्यातला हा शोध मला फार मोलाचा वाटतो. नव्या घराच्या रंगाबद्दलचे निम्मे वाद असे असतात, की माणसाला हवा असतो एखादा पदार्थ आणि तो मागत असतो रंग.

विज्ञान संस्थेच्या परिसरात आणखी एक जुनी खूण आहे, आणि ती मराठी आहे. शेजारच्या मल्लेश्वरममध्ये काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे. १६६९ सालच्या शिलालेखात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लपूरच्या मल्लिकार्जुनाला दिल्याची नोंद आहे. ते गाव आजच्या विज्ञान संस्थेच्या आसपासचं. एकोजीराजांच्या काळात या गावात कोणी नवं घर बांधलं असतं, तर त्याच्यापुढं शेडकार्ड केवढं असतं? पांढऱ्यासाठी चुना, लालसाठी काव, पिवळ्यासाठी पिवळी माती, काळ्यासाठी काजळी. बस्स. दक्षिणेतल्या देवळांच्या आवारभिंतींवर आजही दिसणारे पांढरे-तांबडे पट्टे याच शेडकार्डातले. कन्नडमध्ये त्या जोडीला सुण्णा-केम्मण्णु म्हणतात. सुण्णा म्हणजे चुना आणि केम्मण्णु म्हणजे तांबडी माती. संस्कृत ‘चूर्णा’चं आपल्याकडे चुना झालं आणि तिकडे सुण्णा. शब्दही एका भट्टीतून निघालेले.

या गरीब शेडकार्डाबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण त्यातला एकही रंग उन्हानं उडत नाही. कावेतला तांबडा म्हणजे लोहाचा ऑक्साइड, म्हणजे गंज. जे आधीच गंजलं आहे त्याचं ऊन-पाऊस आणखी काय बिघडवणार? पिवळ्या मातीतही लोहच, पाण्याच्या अंशासह. आणि दोन्ही चुन्याच्या दाहक स्वभावाला पुरून उरतात. पुष्कळ सुंदर रंग चुन्यात टिकत नाहीत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन निळा इतका गाजला, पण ताज्या चुन्यावर लावला की तो मोडून तपकिरी पडतो. कोकणात, गोव्यात आणि कारवार पट्ट्यात कावी कला बहरली तीही याच दोन पदार्थांवर. ओल्या गिलाव्यावर कावेचा थर, त्यावर नक्षी कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. समुद्रकाठच्या खारट हवेत आणि धुवाँधार पावसात त्यातली कितीतरी भित्तिचित्रं टिकून राहिली.

चुन्याचं एक गुपित लहानपणी मला चमत्कारासारखं वाटायचं. दिवाळीआधी आमच्या वाड्यात सफेदी व्हायची, तेव्हा ओला चुना भिंतीवर जवळजवळ दिसायचाच नाही. आई म्हणायची, “थांब, वाळल्यावर उठेल.” तो खरंच उठायचा. याचं कारण प्रकाशाच्या वळण्यात आहे. चुन्याच्या कणांमधल्या फटींत पाणी असतं तोवर प्रकाश कणातून पाण्यात फारसा न वळता जातो आणि थर पारदर्शक वाटतो. पाणी उडून तिथे हवा शिरली, की प्रत्येक कणाच्या कडेला प्रकाश जोरात विखुरतो. विखुरलेला प्रकाश म्हणजेच पांढरेपणा. आजच्या डब्यातला पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड या कामात चुन्याच्या कित्येक पटींनी सरस आहे, कारण तो प्रकाश फार जोरानं वळवतो. म्हणून ओला असतानाही तो खालचं झाकतो. तो आपल्याच किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूतून, इल्मेनाइटमधून निघतो. तिरुअनंतपुरमचा कारखाना १९४६ पासूनचा आहे.

आता रंगाच्या दुकानातल्या यंत्राकडे वळू. यशवंतपूरच्या कुठल्याही रंगदुकानात आज मिश्रणयंत्र असतं. पांढरा बेस असलेला डबा खाली ठेवतात, वरून डझनभर नळ्यांतून थेंब-थेंब गडद द्रव पडतात आणि डबा घुसळून देतात. दीड-दोन हजार छटा या डझनभर द्रवांच्या बेरजा आहेत. ग्राहकानं विचारायचा प्रश्न एकच: माझ्या छटेत कोणते द्रव आहेत? पडद्यावर सूत्र लिहिलेलं असतं, दुकानदाराला ते वाचून दाखवता येतं. त्यात लोहाचा लाल, लोहाचा पिवळा आणि काळा असेल, तर निर्धास्त घ्या. निळा-हिरवा थॅलोसायनिनचा असतो. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका रसायन कारखान्यात भांड्याचं अस्तर तडकलं, आतला माल लोखंडाला लागला आणि या कुळातलं निळं द्रव्य अपघातानं सापडलं. त्याचा तांब्याचा भाऊ १९३५ पासून बाजारात आहे; तोही उन्हाला चिवट आहे. धोका असतो भडक लिंबू, नारिंगी, राणी आणि डाळिंबी छटांत. त्यातले स्वस्त सेंद्रिय पिवळे आणि लाल रेणू अतिनील किरणांनी तुटतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून सव्वानऊशे मीटर उंच असल्यामुळे ते किरण इथे किनाऱ्यापेक्षा थोडे जास्तच पोचतात. पुण्यात आमच्या स्वतःच्या घराच्या गॅलऱ्यांना आम्ही मोठ्या हौसेनं डाळिंबी रंग दिला होता. तिसऱ्या उन्हाळ्यात पश्चिमेचा कठडा गुलाबी झाला आणि पूर्वेचा तसाच राहिला. लाल तुटला, बेसमधला पांढरा उरला. घर दोन वेगळ्या माणसांनी रंगवल्यासारखं दिसायचं, आणि मला त्याचं फार वाईट वाटत राहिलं; कारण तो रंग माझ्या वडिलांनी निवडला होता.

गडद रंगांची दुसरी अडचण उष्णतेची. पांढरी भिंत सूर्याची उष्णता एक चतुर्थांशाच्या आसपास शोषते, काळपट भिंत नव्वद टक्क्यांपर्यंत. पश्चिमेच्या भिंतीवर चार वाजता हात ठेवून बघा. गडद आणि फिक्या पट्ट्यांत दहा-पंधरा अंशांचा फरक सहज असतो. बंगळूरमध्ये एकेकाळी पंख्याशिवाय झोपणारी पिढी अजून हयात आहे, आणि बाहेरच्या भिंतींचा काळा-करडा शौक त्या आठवणीला साजेसा नाही. शिवाय भिंत रोज तापते, रोज निवते. गडद रंगाखालचा गिलावा जास्त ताणला जातो आणि केसासारख्या चिरा लवकर उघडतात. चिरेतून पाणी, पाण्यातून पोपडे. ज्यांना गडद हवाच, त्यांनी तो दाराभोवती, खिडकीच्या खाचेत, छज्ज्याच्या सावलीत द्यावा. तिथे तो शोभतोही जास्त.

मग पाऊस. पुण्याला वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, बंगळूरला नऊशे ते हजार, पण खरा फरक वेळापत्रकाचा आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पडून तो थांबतो. बंगळूरला मेपासून वळवाच्या जोरदार सरी, मग मोसमी पाऊस, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर्षातला सगळ्यात जास्त. भिंतीला पूर्ण कोरडं व्हायला मिळतात ते डिसेंबर ते मार्च. उत्तरेची भिंत तर त्या महिन्यांतही सावलीत, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला. म्हणून उत्तरेच्या भिंतीवर शेवाळाचे काळे ओघळ आधी येतात: खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून, कठड्याच्या माथ्यावरून, पाइपाच्या सांध्यातून. शुभ्र पांढऱ्यावर हे ओघळ रडलेल्या काजळासारखे दिसतात. अगदी गडद रंगावर उलट धुळीचे आणि गिलाव्यातून बाहेर आलेल्या मिठाचे पांढरट डाग दिसतात. मधल्या जातीच्या मळकट छटा, म्हणजे श्रीखंडी, बदामी, फिकट विटकरी, वाळूचा रंग, दोन्ही लपवतात. आणि यशवंतपुरात धूळ भरपूर आहे. तुमकूर रस्त्याचे ट्रक, रेल्वेचं आवार, बाजारसमितीत नाशिक-नगरचा कांदा घेऊन येणाऱ्या लॉऱ्या. त्यांची काजळी आणि बंगळूरची तांबडी माती मिळून प्रत्येक आडव्या कडेवर एक थर बसतो आणि पहिल्या सरीबरोबर खाली उतरतो.

म्हणून रंगाच्या आधी थेंबाची वाट बघायची. कठड्याच्या माथ्याला उतार आतल्या बाजूला आहे ना? छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच आहे ना, जिथे पाणी तुटून पागोळी खाली पडेल? ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत चालत येतं. बहिणीच्या घरात दोन छज्ज्यांना खाच होती, तीन छज्ज्यांना नव्हती. मेस्त्रींनी ते कबूल केलं आणि दोन दिवसांत कापून दिली. त्या दोन दिवसांनी जे वाचेल ते कुठल्याही महागड्या डब्यानं वाचणार नाही.

जमिनीलगतच्या पट्ट्याची गोष्ट बहिणीच्या सासूबाईंनी सांगितली. त्या मूळच्या बेळगावकडच्या. शेडकार्डावरून आमचं चाललेलं बोलणं त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्या जुन्या घरात जोत्यापासून दोन हात काव असायची, वर चुना. पाऊस पडला की अंगणातली लाल माती उडते ना, ती कावेवर कुठली दिसायला?” मी इतकी वर्षं गावोगावच्या घरांचा तो तांबडा पट्टा पाहत आलो, त्याला शोभा समजत आलो, आणि हे इतकं साधं कारण माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. जमिनीवर आपटून उडणारा शिंतोडा दोन-तीन फुटांपर्यंत जातो आणि त्याचा रंग त्या गावच्या मातीचा असतो. भिंतीच्या पायाला गावच्या मातीचा रंग देणं हा शिंतोडा आधीच मान्य करणं आहे. त्या दिवशी घराचा खालचा भाग ठरला. तिथे रंग नाहीच. सादरहळ्ळीचा करडा दगड, खडबडीत, तीन फूट उंच. बहिणीला दगड मिळाला आणि सासूबाईंना जोतं.

सगळ्यात अवघड गेलं ते थांबणं. सिमेंटचा ताजा गिलावा चुन्याइतकाच दाहक असतो. चार आठवड्यांच्या आत रंग दिला तर त्यातला क्षार रंगाला खातो, ठिपके पडतात, आणि आतलं पाणी बाहेर येताना मीठ घेऊन येतं, तोच लोणा. बोअरच्या जड पाण्यानं बांधकाम झालं असेल, तर तो हमखास येतो. लोणा आला की कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाण्यानं धुवायचा नाही, कारण पाण्यात विरघळून तो पुन्हा आत शिरतो. भिंत शांत झाली की प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन. बाहेरून गुळगुळीत दिसावं म्हणून पुट्टीचे जाड थर चढवायचा आग्रह इथले रंगारीही धरतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. वाकडा गिलावा गिलाव्यानंच सरळ करावा. पुट्टीच्या मागे पाणी शिरलं, की भाकरीच्या पापुद्र्यासारखी ती सुटते.

या थांबण्याच्या महिन्यात आम्ही भिंतीवर नमुने काढले. प्रायमर लावून, प्रत्येकी तीन फूट बाय तीन फूट, दोन हात देऊन. एक गल्लीकडच्या भिंतीवर, एक गच्चीच्या पश्चिम कठड्यावर. चौकोन एकमेकांना चिकटू दिले नाहीत, कारण शेजारचा रंग आपली छाया टाकतो. पॅरिसच्या गालिच्यांच्या कारखान्यात रंग फिके दिसतात अशा तक्रारींमागे शेजारचेच धागे आहेत, हे रसायनज्ञ शेव्हरल यांनी १८३९ साली पुस्तक लिहून दाखवलं होतं. निळसर करडा, श्रीखंडी, फिकट विटकरी आणि शेवाळी असे चार. मग आठवडाभर बघत राहिलो: सकाळी सातला, भर दुपारी, सहाच्या केशरी उन्हात, रस्त्यावरच्या दिव्याखाली, आणि एकदा वळवाच्या सरीनंतर भिंत ओली असताना. शेवाळी रस्त्याच्या दिव्यात आजारी दिसला. निळसर करडा सकाळी सुंदर होता आणि ढग आले की गार पडायचा. विटकरी सहा वाजता पेटून उठायचा, पण समोरच्या घराचा रंग तोच होता आणि गल्ली जड झाली. श्रीखंडीकडे पहिले तीन दिवस कोणाचं लक्षच गेलं नाही. चौथ्या दिवशी मेहुणे कामावरून परतले आणि म्हणाले, “तो कोपऱ्यातला कुठला? लांबून तोच घरासारखा दिसतो.”

रस्त्याच्या बाजूची भिंत खिडक्या-दरवाजे वजा जाता पंचेचाळीस चौरस मीटरच्या आसपास भरली. चांगल्या ॲक्रिलिक इमल्शनचा एक लिटर दोन हातांत पाच चौरस मीटर झाकतो, म्हणजे नऊ-दहा लिटर. उरलेल्या तीन बाजूंना, जिथे शेजाऱ्यांच्या भिंती आणि वाळत घातलेल्या कपड्यांशिवाय कोणी बघत नाही, त्याच रंगाची आणखी फिकी छटा. बोळात तेवढाच उजेड परतून शेजारच्यांच्या स्वयंपाकघरातही जातो. समोरचे सगळे डबे एकाच दिवशी घेतले आणि रंगाऱ्यांना सांगून मोठ्या पिंपात एकत्र मिसळले, कारण यंत्रही डब्यागणिक थेंबभर चुकतं आणि तो थेंब भिंतीच्या मध्यावर दिसतो. निळसर करडा राहिला तो फक्त दाराच्या खाचेत, सव्वा फूट आत, जिथे एप्रिलचं ऊनही पोचत नाही.

पावसाळा गेल्यावर, डिसेंबरात काम झालं. दारावर आंब्याचा टाळा, वर इथल्या रीतीप्रमाणे कोहळा टांगलेला. निघताना बहिणीनं मला मीटरच्या कपाटाचं दार उघडून दाखवलं. डब्यावरची सूत्राची पट्टी तिनं आतून चिकटवली होती: बेसचं नाव, तीन द्रवांचे आकडे आणि रंग दिल्याची तारीख. खाली सासूबाईंनी पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती, दगडाच्या वर किती बोटं शिंतोडा येतो ते पहिल्या पावसाळ्यानंतर मोजायला.